उन्हावर चालणारा सिनेमा

बल्बचा सिनेमा आता आपल्यात नाही. तो नेमका कोणत्या साली गेला हे सांगता येत नाही, कारण त्याच्या जन्माचीही नोंद कुठे झालेली नव्हती. त्याला कुणी कारखान्यात घडवले नाही, दुकानात मांडले नाही, त्याची किंमत कधी ठरली नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या निमगाव केतकीत आणि तिच्यासारख्या कितीतरी गावांत त्याने मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्यांच्या उन्हाळी सुट्ट्या सांभाळल्या आणि तो गाजावाजा न करता निघून गेला. ज्यांनी त्याच्यासाठी हळहळावे ती मुले तोवर नोकरीधंद्याला लागली होती. म्हणून उशिरा का होईना, त्याच्याविषयी कृतज्ञतेचे हे चार शब्द.

ज्यांनी त्याला पाहिले नाही त्यांना त्याची ओळख करून द्यायला हवी. पुठ्ठ्याचे एक खोके, पाण्याने भरलेला गेलेला बल्ब, आरशाचा तुकडा, सिनेमाच्या फिल्मचा तुकडा, एक अंधारी खोली आणि वरून रखरखीत ऊन, एवढाच त्याचा देह होता. यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची नोकरी आधीच संपलेली असे. बल्बची तार तुटलेली, आरसा फुटलेला, खोके बुटांचे किंवा वाणसामानाचे, फिल्म ऑपरेटरने कापून टाकलेली. उकिरड्याच्या वाटेवर असलेल्या या मंडळींना त्याने वाटेत थांबवले आणि पुन्हा कामाला लावले. आणि ज्या मुलाच्या हाती तो आला, त्या मुलाला प्रेक्षकांतून उठवून ऑपरेटरच्या जागी नेऊन बसवले. त्याचे खरे मोठेपण यात होते.

राहणी गरिबाची असली तरी त्याची कुळी मोठी होती. ल्युमिए बंधूंची चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झळकण्यापूर्वीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले होते. १८९२ च्या सुमारास सुरू झालेल्या या खेळांत काचेवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि निवेदक गोष्ट सांगे. दिवा, काच, भिंग आणि पडदा ही चौकडी महाराष्ट्रात तेव्हापासून नांदते आहे. पुढे १९११ च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून दादासाहेब फाळके भारावले. त्यांच्या चरित्रात असे येते, की त्या दिवसांत त्यांनी फिल्मची रिळे आणली आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून ते ती चित्रे घराच्या भिंतीवर पाहत बसत. जागरणाने आणि ताणाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात लागला, त्याच्या आधीचा हा घरगुती खेळ. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. म्हणजे हाताला लागेल त्यातून यंत्र उभे करण्याची रीत या घराण्यात पहिल्यापासूनच होती. आमच्या माजघरातला बल्बचा सिनेमा त्याच घराण्यातला, फक्त शाळकरी वयाचा.

आमच्या भागात त्याला अन्न मिळाले ते तंबूच्या सिनेमातून. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. ट्रकमधून प्रोजेक्टर येई, कनातीची भिंत उभी राही, भोंग्यावरून गाणी लागत आणि माणसे पोते-घोंगडी अंथरून जमिनीवर बसत. गावोगावच्या या प्रवासात फिल्म झिजे आणि ऐन रंगात तुटे. पब्लिकच्या शिट्या सुरू झाल्या की आत ऑपरेटरचे हात भराभर चालत. तुटलेल्या टोकांच्या एक-दोन चौकटी कात्रीने कापायच्या, एका टोकावरचा रसायनाचा थर ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंटचा थेंब लावायचा आणि दाबून जोड पक्का करायचा. खाली पडलेले तुकडे सकाळी केराबरोबर बाहेर येत. तंबूमागच्या त्या केरावर मुलांची नजर असे. एखादा ऑपरेटर मायेचा असला, तर असे तुकडे डब्यात जपून ठेवी आणि दारात घुटमळणाऱ्या पोरांना मूठभर वाटून टाकी. आपण एका सबंध खेळण्याला जन्म देतो आहोत हे त्याच्या गावीही नसेल. या लेखातला पहिला नमस्कार त्या नाव न ठेवता गेलेल्या हातांना.

दुसरे माहेर पालखीचे. आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी येते. दिंड्यांबरोबर आणि दिंड्यांमागे खेळणीवाले येत. त्यांच्या पाट्यांवर प्लास्टिकचा छोटा कॅमेरा असे. डोळ्याला लावून बटण दाबले, की आत एकामागून एक देव दिसत. काहींजवळ एका डोळ्याने फिल्म पाहायची नळी असे. जत्रेत डोळे लावून पाहायची बायस्कोपची पेटीही भेटे. पेटीवाला हाताने चित्रे फिरवी आणि तोंडाने वर्णन करी. ही सगळी बल्बच्या सिनेमाची भावंडे. पण त्यांच्यात चित्र एका वेळी एकाच्या, फार तर चार-पाच डोळ्यांना दिसे. बल्बचा सिनेमा भिंतीवर पडे, आणि भिंत सगळ्यांची असते.

आता त्याची बांधणी. आधी पारदर्शक काचेचा गेलेला बल्ब मिळवायचा. वायरमनच्या ओळखीच्या घरी तो हमखास मिळे. बल्बच्या टोपीवरचे शिशाचे दोन ठिपके खिळ्याने उचकटायचे, खालची काळी काच अलगद फोडायची आणि आतली दांडी, तारा, चुरा झटकून बाहेर काढायचा. या कामात बोट कापले नाही असा मुलगा विरळा. मग त्यात काठोकाठ स्वच्छ पाणी भरायचे आणि तोंड मेणाने किंवा चिंधीच्या बोळ्याने बंद करायचे. झाले भिंग तयार. पाण्याने भरलेला काचेचा गोल उजेडाला वळवून एकत्र आणतो, हे शाळेत प्रकाशाचा धडा येण्याआधीच हाताला कळलेले असे. तो बल्ब उन्हात ठेवून सुतळी पेटवण्याचा उद्योगही पुष्कळांनी केला आणि त्याबद्दल घरच्यांचा मारही खाल्ला.

खोक्याच्या एका बाजूला बल्ब बसेल एवढे भोक, त्याच्यासमोर फिल्म सरकेल अशी चीर. दोघांत अंतर किती ठेवायचे याचे माप थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे येई: काचेपासून दोन बोटे. हे माप कुणी पुस्तकातून काढलेले नव्हते, पण गणिताने पाहिले तरी ते बरोबर निघते. साधारण सहा सेंटिमीटर व्यासाच्या पाण्याच्या गोलाची नाभी काचेपासून तीनेक सेंटिमीटरवर पडते. बावीस मिलिमीटर रुंदीची चौकट मग सहा-सात फुटांवरच्या भिंतीवर दोन फुटांहून मोठी होऊन बसते. फिल्म उलटी घालायची, म्हणजे चित्र सुलटे पडते, हा दुसरा नियम. तो पहिल्या खेळात प्रत्येकाला नव्याने शिकावा लागे, कारण पहिल्यांदा हिरो हमखास डोक्यावर उभा राही.

खेळाची वेळ भर दुपारची. माजघराचे दार लोटून फटींना पोती लावली जात. एक जण आरशाचा तुकडा घेऊन बाहेर अंगणात बसे. त्याने उन्हाची तिरीप दारातल्या फटीतून नेमकी खोक्याच्या चिरेवर धरायची. हे काम सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत बिनमानाचे होते. सूर्य थांबत नाही, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत उजेड बाजूला सरके आणि आतून ओरडा येई, “आरं, हलवू नगं की!” बिचाऱ्याने हलवलेले नसे, हललेला सूर्य असे. डोक्यावर टॉवेल घेऊन, डोळे बारीक करून, घामाघूम होत तो आरसा केसभर कलवी आणि भिंतीवरचे चित्र पुन्हा उजळे. आरसेवाल्याला स्वतःला त्या खेळात सिनेमा दिसत नसे. आपल्या पाळीला दुसरा कुणी उन्हात बसेल एवढ्या भरवशावर तो बसलेला असे. काडेपेटीचे छाप, चिंचोके, गोट्या हे तिकीट. ज्याच्याजवळ काहीच नसे त्याला आरसा धरायला मिळे, म्हणजे खेळापासून कुणी वंचित राहत नसे.

आत उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगताना दिसे आणि चुन्याच्या भिंतीवर चित्र उमटे. मधला भाग स्वच्छ, कडा वाकलेल्या आणि पुसट. त्यामुळे चौकटीच्या मध्यावर असलेला चेहरा नीट दिसे आणि कडेची मंडळी पाण्यात उभी असल्यासारखी भासत. पुष्कळदा हिरो-हिरॉईन दोघेही लांबलचक आणि किडकिडीत दिसत. सिनेमास्कोपच्या फिल्मवर चित्र दोन्ही बाजूंनी दाबून निम्म्या रुंदीत बसवलेले असते आणि थिएटरात खास भिंग ते पुन्हा पसरवते. आमच्या बल्बला ती विद्या येत नव्हती. त्याने आहे तसे दाखवले, आणि आम्ही त्या उंच-बारीक माणसांना तसेच आपले मानले.

चित्र हलत नसे. बोलतही नसे. म्हणून बोलण्याचे काम मुलांनी उचलले. एक जण हिरो होई, एक खलनायक, आणि पोलिसाचा आवाज ज्याचा घोगरा त्याच्याकडे जाई. कुठल्या सिनेमाचा तुकडा आहे हे ठाऊक नसल्याने गोष्टही आपणच रचायची. एका तुकड्यात बैलगाडी, दुसऱ्यात न्यायालय, तिसऱ्यात पाऊस. तिघांना जोडणारी कथा दर दुपारी वेगळी निघे. तंबूतल्या सिनेमाने प्रेक्षक तयार केले, या सिनेमाने गोष्ट सांगणारे तयार केले.

त्याने शिकवले ते मात्र याहून खोल होते. फिल्मचा तुकडा उजेडात धरला की शेजारशेजारच्या चौकटी सारख्याच दिसत. मग कुणाच्या तरी लक्षात येई, की या चौकटीतला हात किंचित वर आहे, पुढच्या चौकटीत आणखी किंचित. सिनेमातली हालचाल म्हणजे थांबलेल्या चित्रांची रांग आहे, हे ज्ञान असे डोळ्यांसमोर उघडे. मग फिल्म जोरात ओढून चित्र हलते का हे पाहायचे, आणि भिंतीवर नुसता रंगांचा फराटा उमटायचा. प्रत्येक चौकट क्षणभर थांबवून मगच पुढे सरकवणारे यंत्र प्रोजेक्टरमध्ये असते आणि सरकताना उजेड झाकला जातो, हे पुढे केव्हातरी समजले. पण प्रश्न पडला तो माजघरात. फिल्मच्या कडेने जाणारी नागमोडी पांढरी रेघ हा सिनेमाचा आवाज आहे, असे एखादा मोठा मुलगा सांगे आणि बाकीचे त्याला थापाड्या ठरवत. तो खरे बोलत होता.

या मापांत एक गंमतही दडली आहे. आपल्या जुन्या मोजमापात एक हात म्हणजे चोवीस अंगुळे. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची एक चौकट, कडेच्या चार भोकांसह, जवळजवळ अंगुळभर लांबीची असते, आणि पडद्यावर सेकंदाला चौकटी जातात त्याही चोवीस. म्हणजे हातभर फिल्म हा साधारण एका सेकंदाचा सिनेमा. ज्या तुकड्यावर मुलांनी सबंध उन्हाळा काढला, तो थिएटरात पापणी लवेतो संपला असता.

निमगाव केतकी पानमळ्यांचे गाव. विड्याच्या वेलींची दाट सावली आणि तिच्यातून गळणारे उन्हाचे कवडसे ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांना या सिनेमाचे मूळ निसर्गातच भेटलेले असते. पानांच्या बारीक फटींतून जमिनीवर पडणारे ते गोल कवडसे ही सूर्याची चित्रेच असतात. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी सूर्यग्रहण झाले, तेव्हा आपल्याकडे झाडाखालचा प्रत्येक कवडसा कोरेच्या आकाराचा झाला होता. ज्या मुलांनी बल्बचा सिनेमा हाताळला होता, त्यांना त्याचे कारण समजावून सांगावे लागले नाही.

शहरात आणि सुखवस्तू घरांत याच काळात त्याचा एक परदेशी भाऊबंद नांदत होता, व्ह्यू-मास्टर. १९३९ साली अमेरिकेत आलेल्या या खेळण्यात पुठ्ठ्याची गोल चकती बसे. चकतीवर चौदा चित्रे, म्हणजे सात जोड्या. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसल्याने दृश्याला खोली येई. ते भारतातही तयार झाले आणि आपल्याकडच्या स्थळांच्या व पुराणकथांच्या चकत्या निघाल्या. पुण्या-मुंबईचा पाहुणा सुट्टीत ते घेऊन आला की गावातली मुले रांगेने डोळे लावत. त्याच्यापुढे आमचा बल्ब कधी ओशाळला नाही. पाहुणा गेला की दुसऱ्या दुपारी खोके पुन्हा बाहेर निघे.

त्याचा अंत एकाएकी झाला नाही. एकेक अवयव थकत गेला. आधी गावात दूरदर्शन आले, मग भाड्याचा व्हिडिओ, मग केबल. जत्रेतले तंबू कमी होत गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रा पालथ्या घालून केले आणि त्यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तोवर थिएटरांतले प्रोजेक्टरही बदलले होते. सिनेमा आता संगणकातल्या माहितीच्या रूपाने येऊ लागला. तो तुटत नाही, त्यामुळे त्याचा तुकडाही पडत नाही. जपानच्या फुजी कंपनीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणे थांबवले. नंतर बल्ब गेले. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने घरोघरी एलईडी दिवे पोहोचले. ते वीज वाचवतात, वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यांच्या पोटात पाणी भरता येत नाही. पत्र्याच्या आणि कौलांच्या घरांच्या जागी स्लॅबची उजेडी घरे आली. भर दुपारी अंधार करावा अशी खोली उरली नाही. यातला प्रत्येक बदल माणसाच्या सुखाचाच होता आणि कुणालाच त्याचा बोल लावता येणार नाही. गावाला उजेड मिळाला. उजेडातच त्या सिनेमाची गरज संपली.

त्याचे वारस मात्र आहेत आणि ते नालायक नाहीत. २०१४ मध्ये गुगलने पुठ्ठ्याचे एक खोके आणले. त्यात मोबाइल घातला की दोन भिंगांतून डोळ्यांपुढे सारे जग उभे राहते. व्ह्यू-मास्टरनेही पुढच्याच वर्षी त्या तंत्राचा अवतार घेतला. आज शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मुले बुटाच्या खोक्याला भिंग लावून मोबाइलचा प्रोजेक्टर करतात, आणि मोबाइल उलटा ठेवला तरच भिंतीवर चित्र सुलटे पडते हे त्यांना पहिल्या खेळात नव्यानेच कळते. थोरल्याचा नियम धाकट्याला आपोआप लागू झाला आहे. पालखी महामार्गाच्या कडेला उभी राहून दिंड्यांचे चित्रीकरण करणारी पोरे तर ऑपरेटरच्याही पुढे गेली आहेत. फरक उरला तो एवढाच, की त्यांच्या यंत्राचे पोट उघडत नाही. बल्बच्या सिनेमाचे उघडे होते. त्यात झाकलेले काही नव्हते. ऊन कुठून येते, चित्र कुठे वळते, चूक कुठे होते, सगळे बोटाने दाखवता येई.

म्हणून त्याच्या जाण्यानंतर आभार मानायचे ते त्याला हात लावणाऱ्या सगळ्यांचे. केरातले तुकडे वेगळे ठेवणाऱ्या ऑपरेटरचे. गेलेला बल्ब न फेकता पोरांच्या हाती देणाऱ्या वायरमनचे. दुपारची झोप मोडून माजघर रिकामे करून देणाऱ्या आणि वरून भिंत खराब करू नका एवढेच सांगणाऱ्या आयाआज्यांचे. आणि सिनेमा न पाहता उन्हात बसून राहिलेल्या त्या आरसेवाल्याचे. त्याच्याशिवाय एकही खेळ झाला नसता.

वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत किंवा कंपासपेटीत फिल्मचा एखादा तुकडा अजून पडलेला असेल. त्याला आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर तो कुजू लागला आहे असे समजा. त्याला कोरड्या, थंड जागी कागदात ठेवा आणि प्लास्टिकच्या बंद डब्यात कोंडू नका. मोठे रीळच सापडले तर भंगारात घालण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर विचारा. १९६४ पासून ते जुन्या फिल्म जपण्याचेच काम करत आले आहे. आणि तुकडा हातभरच असेल, तर घरातल्या मुलाला खिडकीपाशी बोलवा, तो उजेडात धरायला सांगा आणि चौकटी मोजू द्या. चोवीस भरल्या, की त्याला सांगा: हा एक सेकंद आहे.